खोडलेला परिच्छेद

बेल्जियमचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांचे एक टिपण ‘नेचर’ नियतकालिकात ९ मे १९३१ रोजी प्रसिद्ध झाले. विश्वाचा आरंभ एकाच मूळ अणूपासून झाला असावा, असा त्याचा विषय. टिपण जेमतेम पानभराचे, भाषा नेमकी. परमेश्वराचे नाव कुठेही नाही.

मूळ टंकलिखितात मात्र अखेरीस आणखी एक परिच्छेद होता. परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे आणि आजचे पदार्थविज्ञान निर्मितीवर जणू पडदा ओढते, याचा श्रद्धावंताला आनंदच वाटावा, असा त्याचा आशय. छपाईपूर्वी तो खोडला गेला.

यशया संदेष्ट्याच्या गुप्त देवाची (४५:१५) आठवण करून देणारा हा परिच्छेद मला संपूर्ण टिपणात सर्वांत सुंदर वाटतो; तरीही तो खोडला हेच योग्य झाले. विज्ञानाने ओढलेला पडदा उद्या विज्ञानच सरकवील. मग त्याआड आपण बसविलेल्या गूढाचे काय? बारावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९५१ च्या भाषणात नव्या विश्वशास्त्रात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले, ते उगाच नव्हे.

वाचकहो, पास्काच्या जागरणविधीत उत्पत्तीच्या वाचनानंतर महास्फोटाचा दाखला मीही वर्षानुवर्षे दिला आहे. एकदा एका शाळकरी मुलीने विचारले, “फादर, त्याआधी काय होते?” मी तत्काळ म्हणालो, “देव.” उत्तर खोटे नव्हते. पण तिचा प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता, आणि तो मी मध्येच तोडला.