कानातले गुरुजी

समीक्षा लिहायला लागणारी कोणतीही पात्रता माझ्या अंगी नाही. मी बी.कॉम. आहे, आणि गेली वीसेक वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजून परत देतो आहे. पण नाटकाची, पुस्तकाची, गेला बाजार लग्नातल्या मठ्ठ्याची समीक्षा करणारे आपल्याकडे उदंड आहेत. कानात बसून गाव दाखवणाऱ्या आवाजाची समीक्षा मात्र अजून माझ्या वाचनात आलेली नाही. तेव्हा ही जागा रिकामी आहे असं समजून मी अर्ज करतो आहे.

आम्ही उभयता युरोपच्या सहलीला गेलो होतो. रोममध्ये एक दिवस ‘मोकळा’ होता. सहलीत मोकळा दिवस याचा अर्थ खरेदी. बाकीची मंडळी पिशव्या घेऊन निघाली. आमच्या चिरंजीवांनी मात्र निघण्यापूर्वीच माझ्या मोबाइलमध्ये एक ‘ऑडिओ वॉक’ भरून दिला होता. नकाशावर ठिपके असतात. ठिपक्यापाशी जाऊन उभं राहायचं, बोट लावायचं, की एक गृहस्थ कानात इंग्रजीतून बोलू लागतात. पूर्वी कानात मंत्र द्यायला गुरू लागत. आता बॅटरी लागते.

इअरफोनची जोडी एकच होती. डावा माझ्या कानात, उजवा हिच्या. वायर हातभर. त्यामुळे कोलोसियमच्या दिशेने आम्ही जे निघालो ते थेट सप्तपदीच्या चालीने. लग्नात निदान उपरण्याला गाठ मारून सातच पावलं चालायला लावतात. इथे चांगला तीन तासांचा कार्यक्रम होता.

प्रथम गुण सांगतो. हे गुरुजी हातात उघडी छत्री धरून पुढे पळत नाहीत. शेवटी ओळखीच्या दुकानात नेत नाहीत. बक्षिसी मागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्यांना मध्येच थांबवता येतं. ही सोय आमच्या बँकेच्या निरोप समारंभातल्या एकाही वक्त्यात मला आढळलेली नाही.

आता दोष. पहिला दोष म्हणजे ‘कल्पना करा’. दर तिसऱ्या वाक्याला गुरुजी म्हणतात, कल्पना करा. कल्पना करा, या दगडी पायऱ्यांवर पन्नास हजार माणसं ओरडताहेत! त्याच वेळी हिने माझा दंड घट्ट धरला. हिच्या कानात सिंहाने डरकाळी फोडली होती. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी बोलणं डाव्या कानात आणि आवाज उजव्या कानात घातले असावेत. म्हणजे सनावळ्या मला, आणि सिंह, घोडे, तुताऱ्या हिला. आमच्या संसारातली कामाची वाटणी या लोकांना कोणी कळवली कोण जाणे! बाकी पन्नास हजार माणसांची कल्पना मला करावी लागत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पेन्शनचा काउंटर सांभाळलेला आहे.

आणि जे बघायचं ते गुरुजींनी सांगितलंच नाही. सन ८० मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूला तळाशी ८० कमानी. त्यांतल्या चार बादशहा आणि बड्या लोकांसाठी. उरलेल्या ७६ वर आकडे कोरलेले होते. प्रेक्षकाजवळ नंबराचा तुकडा असायचा. तो बघायचा, त्या नंबराच्या कमानीतून आत जायचं. हे वाचलं होतं तेव्हाच मला गहिवरून आलं होतं. टोकन! मी नोकरीला लागलो तेव्हा पितळी टोकनं शेवटच्या घटका मोजत होती. त्यांचे पूर्वज इथे भेटले. बाहेरची भिंत जिथे शाबूत आहे तिथे काही आकडे अजून दिसतात. चव्वेचाळीसचा आकडा तर बघण्यासारखा आहे. चाळीस लिहिताना पन्नासातून दहा वजा करण्याची रीत वापरली आहे, आणि शेजारच्या चारासाठी पाचातून एक वजा न करता सरळ चार काठ्या उभ्या केल्या आहेत. एकाच आकड्यात दोन पद्धती! आमच्याकडे असा चेक आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता. मी मान वर करून हे बघत होतो आणि गुरुजी सांगत होते, “आता डावीकडे वळा.” आमच्या डावीकडे लोखंडी कठडा होता.

दुसरा दोष हा असा आहे. त्यांना वाट ठाऊक आहे, वाटसरू ठाऊक नाही. आपण कुठे बघतो आहोत, पाय दुखताहेत का, पाण्याची बाटली कोणाकडे आहे, याचा त्यांना पत्ता नसतो.

तिथून फोरममध्ये शिरलो. रोमचा हा जुना चौक म्हणजे न्यायालय, बाजार, देवळं, भाषणं सगळं एकाच ठिकाणी. वाटेत टायटसची कमान लागते. सन ७० मध्ये जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेला सात फाट्यांचा दीप खांद्यावरून मिरवत नेणारे लोक तिच्या आतल्या बाजूला कोरलेले आहेत. पुढे बॅसिलिका एमिलियाचे अवशेष. इथे मात्र गुरुजींना पैकीच्या पैकी गुण. ते म्हणाले, “खाली बघा.” बस्स, एवढंच. या इमारतीच्या दर्शनी बाजूला सराफांच्या, पैसे बदलून देणाऱ्यांच्या पेढ्या होत्या. पुढे आग लागली. सन ४१० मध्ये गॉथ लोकांनी शहर लुटलं तेव्हाची ती आग, असं सांगतात. त्या आगीत काशाची नाणी वितळून संगमरवरी फरशीत बसली. त्यांचे हिरवट डाग आजही आहेत.

मी वाकून बघत राहिलो. कोणाची तरी त्या दिवसाची रोकड मोजायची राहून गेली होती. सोळाशे वर्षं झाली, टॅली नाही. हिला म्हटलं, “अगं, त्या कॅशियरचं काय झालं असेल?” ही म्हणाली, “माझ्या कानात नुसती आग लागलीय.”

त्यानंतर सीझरचं स्थान. इ.स.पू. ४४ मध्ये त्याला इथे अग्नी दिला. लोक अजून येऊन फुलं ठेवतात. आम्ही गेलो तेव्हाही होती. गुरुजी इथे चांगली सहा मिनिटं बोलले, हिच्या कानात कोणीतरी सनईसारखं काहीतरी करुण वाजवलं.

आणि मग, चौकाच्या अगदी टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, आठ उंच खांब. गुरुजींनी एका वाक्यात उरकलं, “हे शनीचं देऊळ, आठ खांब शिल्लक आहेत, आता उजवीकडे.”

मी जागचा हललो नाही. वायर ताणली आणि हिच्या कानातला बोंडका निसटला. “अहो, काय झालं?”

“इथे रोमची तिजोरी होती,” मी म्हटलं.

निघण्यापूर्वी मी ग्रंथालयातून प्लूटार्कचं पुस्तक आणून वाचलं होतं. त्यात ही हकीकत आहे. इ.स.पू. ४९. सीझर फौजेनिशी रोममध्ये आला आणि त्याला राखीव ठेवीतला पैसा हवा होता. मेटेलस नावाचा एक ट्रिब्यून, म्हणजे लोकांनी निवडलेला अधिकारी, आडवा आला आणि कायद्याची कलमं सांगू लागला. सीझर म्हणाला, लढाईच्या दिवसांत कायदे बाजूला ठेवायचे असतात. किल्ल्या सापडेनात, तेव्हा त्याने कुलूप फोडायला लोहार बोलावले. मेटेलस पुन्हा आडवा आला. मग सीझरने मारून टाकण्याची धमकी दिली. वर सांगितलं, की हे करण्यापेक्षा बोलणंच मला जड जातं आहे. मेटेलस घाबरला आणि बाजूला झाला.

मी हेड कॅशियर असताना तिजोरीची एक किल्ली चार वर्षं माझ्याकडे होती, दुसरी साहेबांकडे. एकट्याने उघडायची नाही. त्यामुळे ‘किल्ल्या सापडेनात’ या दोन शब्दांमागे कोणीतरी कारकून किल्ल्या घेऊन कुठेतरी लपला असेल, असं मला वाचल्यापासून वाटतं आहे. ज्याने कुलूप फोडलं त्याच्या जागेवर फुलं. जो दारात उभा राहिला त्याचं गुरुजींना नावसुद्धा ठाऊक नाही.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही बाजूला झाला असतात?”

हा प्रश्न कुठल्याही ठिपक्यावर भरलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एका बड्या खातेदाराच्या चेकवरची सही मला जुळेना. मी चेक अडवला. आतून निरोप आला, “अहो, सोडून द्या.” मी एकदा “पण साहेब” म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. चेक पास केला. सही त्याचीच निघाली, पुढे काही झालं नाही. पण ते मला नंतर कळलं; बाजूला झालो तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि माझ्यापुढे सीझर नव्हता, लोहारही नव्हते. मेटेलस निदान दोनदा आडवा आला होता.

हे मी घरी कधी बोललो नव्हतो. त्या आठ खांबांखाली बोललो.

ही म्हणाली, “त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता. पोट बिघडलंय म्हणालात. मी विचारलं नाही.”

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. चिवड्याची शेवटची पुडी संपवली.

समीक्षकाने शेवटी मत द्यायचं असतं. माझं मत अनुकूल आहे. ही फेरी जरूर करावी. आवाज स्वच्छ आहे, माहिती बरीचशी बरोबर आहे. फक्त दोघांत इअरफोनची एकच जोडी न्यावी, म्हणजे दोघांचाही एकेक कान मोकळा राहतो. गुरुजींना सगळं सांगता येतं. त्यांना विचारता काही येत नाही. ते काम मोकळ्या कानाकडे सोपवावं.

निघताना लक्षात आलं, मोबाइल बंद करायचा राहिलाच होता. हिच्या पर्समधून, इअरफोनच्या तोंडून, गुरुजी चिवड्याच्या रिकाम्या पुडीला बारीक आवाजात सांगत होते, कल्पना करा...