कनानचा शोध

ब्राझीलचे ग्रंथकार ग्रासा आरान्या (१८६८–१९३१) यांची ‘कनान’ ही कादंबरी १९०२ सालीं पोर्तुगीज भाषेंत प्रसिद्ध झाली. तिचें इंग्रजी भाषांतर १९२० सालीं निघालें. आपल्या वाचकवर्गांत ती फारशी परिचित नाहीं. परंतु अरण्य तोडून नवें घर वसवूं पाहणाऱ्या युरोपीय माणसांचें इतकें विचारप्रवर्तक चित्र क्वचितच आढळतें. म्हणून तिचा हा अल्प परामर्श.

आरान्या १८९० सालीं एस्पिरितो सांतो प्रांतांत न्यायाधीश होते व तेथील जर्मन वसाहती त्यांनीं जवळून पाहिल्या होत्या. ब्राझीलमध्यें गुलामगिरी १८८८ सालीं कायद्यानें बंद झाली. एकीकडे जुने मळे ओस पडत होते, तर दुसरीकडे डोंगराळ पर्जन्यवनांत परके शेतकरी झाडें तोडून व जाळून कॉफी लावीत होते. या भूमींत मिल्काउ आणि लेन्ट्झ हे दोन सुशिक्षित जर्मन तरुण येतात. प्रेमानें सर्व वंश एक व्हावे, अशी मिल्काउची श्रद्धा. तर बलिष्ठ वंशानें ही भूमि जिंकावी, हें लेन्ट्झचें मत. १९०२ सालीं लेन्ट्झची भाषा कोणास केवळ तात्त्विक चैन वाटली असेल. १९३३ ते १९४५ या काळांतील जर्मनीचा इतिहास जाणणाऱ्या वाचकास ती तशी वाटणें शक्य नाहीं.

या दोघांचे वाद ग्रंथाचा फार मोठा भाग व्यापतात, आणि हाच त्याचा मुख्य दोष होय. पुष्कळदां माणसें बोलत नसून मतें बोलत आहेत, असें वाटतें. कादंबरीचा खरा जीव आहे तो मारिया या निराधार मोलकरणींत. धन्याच्या मुलापासून तिला दिवस जातात आणि घरचीं माणसें तिला हांकलून देतात. रात्रीं रानांत ती निजली असतां काजवे तिचें अंग झांकून टाकतात. हा प्रसंग अविस्मरणीय आहे. पुढें ती उघड्यावर प्रसूत होते. नवजात अर्भक डुकरें खातात, आणि बालहत्येचा आरोप तिच्यावरच येतो.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मारियाचा घात अरण्यानें केला नाहीं. तिला बाहेर काढणारे स्वजातीय, मूल खाणारीं डुकरें वस्तीवरचीं, आणि तुरुंगही माणसांनींच बांधलेला! ज्यास शत्रु समजून कुऱ्हाड चालविली त्या रानानें आसरा दिला, आणि ज्यासाठीं ती चालविली त्या घरानें दार लावलें. हें सत्य लेखकानें व्याख्यान न देतां दाखविलें आहे. त्याची कला श्रेष्ठ ठरते ती येथेंच.

मात्र एक उणीव राहतेच. या अरण्याचे मूळ रहिवासी प्रमुख पात्रांत कोठेंही नाहींत. वचनदत्त भूमीवर आधीं कोण राहत होतें, हा प्रश्न बायबलांतल्या कनानपासूनचा आहे. लेखकानें नांव घेतलें, पण तो प्रश्न घेतला नाहीं.

शेवटीं मिल्काउ मारियेस तुरुंगांतून सोडवून पळतो. कनान त्यांना सांपडत नाहीं. त्याची आशा भविष्यकाळावर सोंपवून ग्रंथ संपतो. कित्येकांस हा शेवट अपुरा वाटेल. आम्हांस तो प्रामाणिक वाटतो. कारण एका अनाथ स्त्रीला जेथें थारा नाहीं, तेथें कितीही घरें उभीं राहिलीं तरी तीं अद्याप ‘घर’ झालेलीं नसतात.