हलगीची फाईल आणि नावाचा रकाना

हलगी वाजवणाऱ्याच्या पदरात गावाने धान्य टाकले. त्याचे नाव मात्र कुठल्याच वहीत टाकले नाही. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर पुष्कळांनी हे गावकीचे वाजवणे सोडले. ते योग्यच होते. परंतु सोडली ती सक्ती, कला नव्हे. हा भेद आपल्या टीकेत अजून स्पष्ट झालेला नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांची हलगी ध्वनिमुद्रित केली, संगणकावर तिला इतर वाद्यांची साथ दिली आणि दोन मिनिटांचा ट्रॅक तयार केला. तो त्याला एका परदेशी स्टॉक म्युझिक लायब्ररीत विक्रीस ठेवायचा होता. अर्ज इंग्रजीत, म्हणून तो माझ्याकडे आला. ही लायब्ररी म्हणजे तयार संगीताचे कोठार. जाहिरातवाले, मालिकावाले संगीतकार न नेमता तेथून परवाना घेऊन संगीत वापरतात. धंदा जुना आहे. लंडनची डी वुल्फ ही संस्था १९०९ पासून, मूकपटांच्या काळापासून, त्यात आहे.

या कोठारासाठी ट्रॅक तयार करणे म्हणजे काय? मूळ ट्रॅकशिवाय ६०, ३० आणि १५ सेकंदांचे तुकडे, प्रत्येक वाद्य वेगळे केलेल्या फाईली, आणि शेवटचा ठोका पूर्ण विरेपर्यंत सोडलेली जागा. चाल अशी, की वर निवेदकाचा आवाज आला तर ती आड येऊ नये. हे कसब आहे, ते शिकलेच पाहिजे. पण त्यामागचे सौंदर्यशास्त्रही ओळखले पाहिजे. दुसऱ्याच्या बोलण्याखाली मुकाट राहणारे संगीत येथे उत्तम ठरते. आपल्या माणसांना ही अट नवी आहे काय?

पुढे शब्दांचे रकाने. यादीत 'ट्रायबल', 'एथ्निक', 'फेस्टिव्ह' असे तयार शब्द होते, 'हलगी' नव्हता. ज्या वाद्यामागे शतकांचा अपमान आहे, त्याचे एका शब्दात 'उत्सवी' होऊन जाते. मोकळ्या जागेत आम्ही 'हलगी' लिहिले. खरेदीदार तो शब्द शोधणार नाही, हे ठाऊक असूनही लिहिले.

मग नावाचा रकाना. वडील म्हणाले, "सर, माझं नाव कशाला घालता? वाजवायचं काम, वाजवलं." या एका वाक्यात सारी गावकी उभी होती.

कृष्णवर्णीय ढोलवादक ग्रेगरी कोलमन यांनी १९६९ साली 'आमेन, ब्रदर' या गाण्यात काही सेकंदांचा ठेका वाजवला. पुढे तो हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन यांना त्यातून काहीच मिळाले नाही. २००६ साली ते बेघर अवस्थेत वारले. ठेका जगभर गेला, माणूस रस्त्यावर राहिला.

या बाजाराची एक जमेची बाजू मी नाकारत नाही. फाईल ऐकणारा आडनाव विचारत नाही. परंतु जात न विचारणे वेगळे आणि माणूस पुसणे वेगळे. भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकाराच्या रॉयल्टीला संरक्षण दिले आणि सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास वादकाचाही हक्क मानला. हा हक्क कागदावर नाव असेल तरच बजावता येतो. म्हणून मुद्रणाच्या दिवशीच, वाद्य निखाऱ्यावर तापते आहे तोवर, कोण वाजवतो आणि कोणाचा वाटा किती हे लिहून सह्या घ्याव्यात. सर्व हक्क एकरकमी मागणाऱ्या करारावर वाचल्याशिवाय सही करू नये. हे काम विद्यार्थ्यांबरोबर बसून आपण शिक्षकांनी केले पाहिजे. अर्ज वाचता येणारी आपली ही पहिलीच पिढी आहे.

वेठ आणि श्रम यांत ठोक्याचा फरक नसतो. फरक कराराचा आणि नावाचा असतो. त्या अर्जात आम्ही दोन नावे लिहिली. आधी वडिलांचे, मग मुलाचे. ट्रॅक विकला जाईल की नाही, हा पुढचा प्रश्न.