सीमेवरील साक्षीयात्रा : एक चिकित्सा

अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर १९८० च्या दशकापासून एका वेगळ्या प्रकारची यात्रा रूढ झाली आहे. चर्च, धार्मिक संस्था आणि महाविद्यालये यांचे लहान गट काही दिवसांसाठी अॅरिझोनाच्या सीमाभागात जातात. स्थलांतरितांचे निवारे, सीमेवरची भिंत, न्यायालय आणि वाळवंटात मृतदेह सापडलेल्या जागा ही या यात्रेची स्थाने होत. यात्रेकरूने तेथे मदतनीस म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून जावे अशी अपेक्षा असते. या साक्षीचे मूल्य नेमके कशावरून ठरवावे, हा खरा प्रश्न आहे.

या परंपरेचा आरंभ पाहिला, तर साक्षीचा अर्थ स्पष्ट होतो. एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला येथील यादवीतून पळून आलेल्यांना त्या काळी अमेरिकेत क्वचितच आश्रय मिळे. १९८४ मध्ये साल्वादोरी अर्जदारांपैकी सुमारे ३ टक्केच अर्ज मंजूर झाले. २४ मार्च १९८२ रोजी, आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या हत्येच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, टुसॉन येथील साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने आपली वास्तू निर्वासितांसाठी खुली असल्याचे जाहीर केले. पाद्री जॉन फाइफ आणि क्वेकर पंथाचे जिम कॉर्बेट हे या चळवळीचे प्रमुख होते. सरकारने खटला भरला आणि १९८६ मध्ये फाइफ यांच्यासह आठ कार्यकर्ते दोषी ठरले. दुसरीकडे, चर्च संघटनांनी सरकारविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड झाली आणि या दोन देशांतील निर्वासितांना आश्रयाच्या अर्जाची नव्याने सुनावणी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. येथे साक्षीदारांनी जे पाहिले त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, आणि त्याचा लाभ ज्यांना पाहिले त्यांना मिळाला.

याच भूमीत १९८७ मध्ये टुसॉन येथे 'बॉर्डरलिंक्स' ही संस्था उभी राहिली. तिने गटांना सीमेपलीकडील कारखाने, वस्त्या आणि कुटुंबे दाखवण्याची पद्धत घडवली. २००४ पासून मेक्सिकोतील सासाबे ते टुसॉन अशी ७५ मैलांची पदयात्राही सुरू झाली. तीत चालणारे मृतांची नावे लिहिलेले क्रूस हाती घेतात. या उपक्रमांचे शैक्षणिक मोल नाकारता येत नाही. वर्तमानपत्रातील आकडा येथे माणूस होऊन समोर उभा राहतो.

परंतु उणीवही येथेच आहे. १९९४ मध्ये सीमा गस्तदलाने शहरांलगतचे मार्ग बंद करून स्थलांतरितांना दुर्गम प्रदेशाकडे वळवणारे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि अमेरिकेच्या स्वस्त मक्याशी मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्याला स्पर्धा करावी लागली. १९९८ नंतरच्या दोन दशकांत, गस्तदलाच्याच नोंदींप्रमाणे, सीमेवर सात हजारांहून अधिक मृत्यू झाले. यात्रेकरूला वाळवंट दिसते, पण धोरण दिसत नाही. मग मृत्यूचे कारण तहान आणि ऊन एवढेच वाटू लागते, आणि अन्यायाची जागा दुर्दैव घेते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. टुसॉनच्या संघीय न्यायालयात २००८ पासून एका दिवसात सत्तर जणांपर्यंत स्थलांतरितांना साखळदंडांसह उभे करून सामूहिकरीत्या गुन्हा कबूल करवून घेतला जाई. प्रेक्षकांच्या बाकावर अनेकदा असे गट बसलेले असत. पाहणाऱ्याला हा धडा होता. पाहिल्या जाणाऱ्याला मात्र आपल्या मानहानीला आणखी डोळे लाभले, एवढेच. निवाऱ्यातही तीच व्यथा एकाच माणसाला दर नव्या गटापुढे पुन्हा सांगावी लागू शकते.

इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकन तरुण स्वयंसेवकांना खडसावले होते. मदतीचा आव आणून येऊ नका. पाहण्यासाठी, शिकण्यासाठी खुशाल या, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. साक्षीयात्रेने हा सल्ला जणू तंतोतंत पाळला आहे. तरीही तो अपुरा ठरतो. केवळ पाहणे निरुपद्रवी असते असे इलिच गृहीत धरतात. परंतु दुबळ्याच्या दुःखाकडे पाहणे हेही त्याच्याकडून काहीतरी घेणे असते. घेतलेले परत कसे करणार, हा प्रश्न मदतनीसाइतकाच साक्षीदारालाही लागू होतो.

म्हणून यात्रेकरूचे मन किती हेलावले, ही साक्षीयात्रेची कसोटी होऊ शकत नाही. परतल्यानंतर ही साक्ष कोणापुढे दिली गेली, तिच्यामुळे साक्षीदाराला काही सोसावे लागले काय आणि ज्यांची व्यथा ऐकली त्यांच्यापर्यंत तिचे फळ पोहोचले काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. १९८२ च्या टुसॉनकरांकडे तिन्हींची उत्तरे होती. विद्यार्थ्यांना वंचितांच्या वस्तीत अभ्यासदौऱ्यावर नेणाऱ्या प्राध्यापकालाही हेच प्रश्न निघण्यापूर्वी वर्गात मांडता येतील. उत्तरे नसतील, तर दौरा पुढे ढकलून आधी धोरणाचा अभ्यास करणे हेच त्या वस्तीच्या सन्मानाला धरून होईल.