टॉम रिप्ली पकडला जाऊ नये म्हणून

मानसशास्त्रीय थ्रिलरच्या मलपृष्ठावर हल्ली 'शेवटच्या पानावर धक्का बसेल' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतंच. धक्का बसतोही. पण तो एकदा बसला की ते पुस्तक परत हातात घ्यावंसं वाटत नाही. पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९५५) मी तीनदा वाचली आहे. तिच्यात वाचकापासून लपवलेलं असं काहीच नाही. खून कोणी केला, कसा, का, सगळं आपल्यासमोर घडतं. तरी तिसऱ्यांदाही तळहाताला घाम आलाच.

गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ लबाड्या करून जगणाऱ्या टॉमला एक श्रीमंत उद्योगपती इटलीला पाठवतो, तिथे रमलेल्या आपल्या मुलाला, डिकीला, परत आणायला. टॉमला आधी डिकी आवडतो, मग डिकीचं आयुष्य. मग सान रेमोला भाड्याच्या बोटीत तो वल्ह्याने डिकीला मारतो आणि त्याचे कपडे, त्याची सही, त्याचा पासपोर्ट वापरू लागतो. हे सगळं पुस्तक अर्ध्यावर यायच्या आत उरकतं. उरतं ते निस्तरणं.

निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते टॉमच्या डोक्याबाहेर कधीच पडत नाही. त्यामुळे त्याच्या अडचणी आपल्या होतात. व्हेनिसमधला प्रसंग घ्या. डिकीची मैत्रीण मार्ज हिला टॉमच्या सामानात डिकीच्या अंगठ्या सापडतात. टॉम हातात बूट घेऊन तिला कसं मारायचं याचा हिशोब करतोय, आणि तीच आपणहून ठरवते की डिकीने आत्महत्या केली असणार. मी सुटकेचा श्वास टाकला. मार्ज वाचली म्हणून नव्हे; टॉम वाचला म्हणून. हे लक्षात आलं तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

का ते मला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका बदलामुळे रात्री सिस्टम बंद पडली. कॉलवर दहाबारा जण कारण शोधत होते, आणि मी बराच वेळ गप्प होतो. खोटं बोललो नाही, फक्त दुसऱ्या कोणीतरी मांडलेल्या चुकीच्या अंदाजाला 'शक्य आहे' म्हणालो. पुढे सांगितलं, पण त्या मधल्या वेळात माझं डोकं किती स्वच्छ चालत होतं ते विसरलेलो नाही. हायस्मिथने नेमकं ते डोकं लिहिलंय. तिथे पश्चात्तापाला जागा नसते, पुढचा प्रश्न कोण विचारेल एवढंच असतं.

म्हणूनच १९९९चा मिंघेलाचा सिनेमा, कितीही देखणा असला तरी, मला पटत नाही. त्यात बोटीवर भांडण भडकतं आणि वार रागाच्या भरात होतो. कादंबरीत टॉम आधी आगगाडीत, समोर डोळे मिटून बसलेल्या डिकीकडे बघत, शांतपणे ठरवतो. दिग्दर्शकाने टॉमला सबब दिली आणि प्रेक्षकालाही. हायस्मिथ दोघांनाही देत नाही.

तिने रिप्लीवर आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या, शेवटची १९९१ साली. त्यांत टॉमकडे फ्रान्समध्ये घर आहे, बायको आहे, बाग आहे आणि तो खुनाला सरावलेला आहे. त्या मी एकेकदाच वाचल्या.