एका डोळ्याला अख्खं गाव?

‘डोळ्याबद्दल डोळा’ म्हणजे बायबलने सूडाला दिलेला परवाना, असं आपण सहज लिहून मोकळे होतो. जरा थांबा. निर्गम 21 मधला हा नियम सूडाला लगाम घालतो: एका डोळ्याबद्दल एकच डोळा. लेवीय 19 तर आपल्या लोकांचा सूड घेऊच नका म्हणतं.

आता उत्पत्ती 34 वाचा. शखेम दीनावर बळजबरी करतो. मग लग्नाची बोलणी येतात. तिचे भाऊ सुंतेची अट घालतात, आणि गावातले पुरुष वेदनेत असताना शिमोन आणि लेवी त्या सगळ्यांना मारतात. बाप याकोब चिडतो, पण कशासाठी? आजूबाजूचे लोक आता आपल्यावर उठतील म्हणून! मेलेल्यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. दीना तर अख्ख्या अध्यायात एकदाही बोलत नाही. भाऊ बहिणीच्या अब्रूचा उलट प्रश्न टाकतात आणि अध्याय तिथेच संपतो. त्यांच्या रागाला याकोब शाप देतो तो थेट मरताना, उत्पत्ती 49 मध्ये.

‘नियम नंतर आला’ ही पळवाट पुरत नाही. कथा आणि नियम दोन्ही एकाच तोरामध्ये जपलेत. आलेखात न बसणारा बिंदू आपण खोडत नाही ना? मग हा विरोधही खोडू नका. तुमचा संशोधनप्रश्न तिथेच आहे.