परोपकारार्थ सायकलयात्रा : एक मूल्यमापन

परोपकारासाठी काढलेल्या दीर्घ सायकलयात्रांचे वृत्तांत अलीकडे पुष्कळ वाचावयास मिळतात. त्यांत अंतराचा हिशेब असतो, घाटांचे वर्णन असते, सत्कारांची यादी असते. परंतु ज्या कार्यासाठी एवढी यातायात केली, त्यास दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. हा दोष केवळ वृत्तांतलेखकांच्या माथी मारून मोकळे होता आले असते. तथापि आमच्या मते तो पुष्कळदा यात्रेच्या रचनेतच असतो. नाटक वा काव्य तपासताना हेतू आणि रचना यांचा मेळ आपण पाहतो. तीच दृष्टी या यात्रांस लावून पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

व्यवहारी मनुष्याचा आक्षेप असा की, एकाने पायडल मारल्याने दुसऱ्याचे दुःख कमी कसे व्हावे? द्रव्य द्यावयाचे तर ते घरबसल्या पाठविता येते. आक्षेप सयुक्तिक आहे, पण अपुरा आहे. मनुष्यस्वभावच असा आहे की, कोणी स्वतः कष्ट सोसून मागितले म्हणजे लोकांचा हात लवकर सैल होतो. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली; त्या साहसास आदिवासींच्या नेत्रोपचाराच्या कार्याची जोड होती. पराक्रम निःसंशय मोठा. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता कार्य बाजूस काढले तरी शर्यत अभंग राहते. घड्याळ तेच, अंतर तेच. लोकांचे लक्ष कार्याकडे वळले हा खरा लाभ होय. पण तेथे कार्य हे शर्यतीस लाविलेले अलंकार आहे, तिचे अंग नाही.

याच्या उलट उदाहरण बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' अभियानाचे. १९८५ च्या डिसेंबरात ते कन्याकुमारीहून उत्तरेकडे निघाले. १९८८ साली दुसरे अभियान अरुणाचलाकडून पश्चिमेस ओख्याच्या रोखाने निघाले. तरुण-तरुणी सायकलींवर, आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनात पडून, असा तो प्रवास होता. देश जोडावयाचा हा हेतू, आणि देश ओलांडणे हे साधन. येथे मार्ग वगळला तर अभियानाचे काहीच उरत नाही. हेतू व रचना यांचे असे ऐक्य क्वचितच साधते.

आमच्या नगर जिल्ह्याचे उदाहरण या दोहोंहून अधिक विचार करावयास लावणारे आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या 'स्नेहालय' या नगरच्या संस्थेने २ ऑक्टोबर २०२१ रोजी, बांगलादेशाच्या मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, नोआखालीच्या दिशेने सद्भावना सायकलयात्रा काढली. नोआखाली हे नाव उच्चारताच १९४६-४७ मधील गांधीजींची पदयात्रा डोळ्यांपुढे येते. दंगलीने होरपळलेल्या त्या मुलखात ते काही महिने राहिले. अनवाणी पायांनी एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जात. त्या यात्रेत अंतर अल्प आणि मुक्काम दीर्घ होता. सायकलयात्रेत स्वभावतःच अंतर दीर्घ आणि मुक्काम अल्प. ज्यांच्या स्मृतीस वंदन करावयाचे त्यांची पद्धती थांबण्याची, आणि आपल्या वाहनाचा गुण पुढे जाण्याचा! हा विरोध आयोजकांनी ओळखलाच पाहिजे.

मात्र या विरोधातून वाट आहे, आणि ती सायकलच दाखविते. मोटारीतला प्रवासी कोणापाशी काही न मागता अर्धा देश ओलांडू शकतो. सायकलस्वारास ते जमत नाही. त्यास पाणी मागावे लागते, चाक पंक्चर झाले तर झाडाखालचे दुकान शोधावे लागते, रात्री कोणाची तरी ओसरी लागते. दान देण्यास निघालेला मनुष्य वाटेत याचक होतो. आणि परक्या गावात मागितलेले तांब्याभर पाणी ही सद्भावनेची पहिली देवघेव होय. दाता आणि घेणारा यांत एरवी जी उंच-नीचता असते, ती येथे काही काळ तरी गळून पडते. यास्तव सद्भावनेसाठी हे वाहन अयोग्य नाही. फक्त हारतुरे आणि भाषणे यांतच संध्याकाळचा मुक्काम खर्ची पडू नये. पडला, तर सायकलीने मिळवून दिलेले सभामंडप हिरावून नेतो.

ज्यांचे नाव या जिल्ह्यास २०२४ साली मिळाले, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली येथल्याच चोंडी गावचा. त्यांनी दूरदूरच्या तीर्थमार्गांवर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधविल्या. त्यांचे दान वाटेवरच राहिले आणि पुढच्या अनोळखी पांथस्थाच्या उपयोगी पडले. आजच्या यात्रिकांकडून विहीर खणण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पण ज्या गावी उतरलो तेथे वर्षभराने पुन्हा पत्र गेले काय, जमलेला पैसा कोणाच्या औषधास वा शिक्षणास लागला, त्याचा हिशेब देणाऱ्यांस कळविला काय, एवढे विचारण्याचा अधिकार वाचकास आहे. वृत्तांत लिहिणाऱ्यांनी चढांची उंची थोडी कमी सांगावी आणि या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. असे वृत्तांत येऊ लागले, तर त्यांस प्रवासवर्णनांत मानाचे स्थान देण्यास कोणताही टीकाकार मागेपुढे पाहणार नाही.